हेडफोनची जन्मतारीख

जुनी नाणी जमवणाऱ्याला लोक अभ्यासू म्हणतात, तिकिटे जमवणाऱ्याला छंदिष्ट म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन रणगाड्यांच्या दलाचे हेडफोन जमवणाऱ्याला काय म्हणावे हे अजून कोणी ठरवलेले नाही, आणि आमच्या घरात जे म्हटले जाते ते छापण्याजोगे नाही. जर्मनीतल्या हानोव्हरमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाला हा नाद लागायला फारसे कष्ट पडत नाहीत. जुन्या वस्तूंचा बाजार पायी जाण्याच्या अंतरावर भरतो, मुन्स्टरचे रणगाडा संग्रहालय गाडीने तासाभरावर आहे, आणि नगरच्या (कागदोपत्री आता अहिल्यानगरच्या) रणगाडा संग्रहालयात लहानपणी उन्हात तापलेल्या चिलखतावर हात भाजून घेतलेला असला, की बाकीचे आपोआप जमून येते.

वस्तू तशी साधी आहे. काळ्या बॅकेलाइटची (म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकची) दोन कर्णयंत्रे, त्यांच्याभोवती रबराच्या जाड वाट्या, डोक्यावरून जाणारी पोलादी पट्टी आणि जोडीला गळ्याला बांधायचा मायक्रोफोन. रणगाड्याच्या पोटात इंजिनाचा आणि साखळपट्ट्यांचा असा गदारोळ असे की तोंडासमोर धरलेल्या मायक्रोफोनने तोच इमानाने पुढे पाठवला असता. म्हणून दोन लहान डब्या थेट कंठावर दाबून बसवल्या, आणि आवाज हवेतून न घेता कातडीच्या कंपनातून घेतला. छातीवर लोंबणारी कळ दाबली की बोलणे सुरू. पॅन्झर तीन आणि चार या रणगाड्यांत पाच माणसे असत, आणि पुढे उजवीकडे, चालकाशेजारी बसणाऱ्या रेडिओवाल्याला संदेश सांभाळता सांभाळता मशीनगनही चालवावी लागे. पहिल्या महायुद्धात बिनतारी संदेशाच्या कामावर असलेल्या गुडेरियान या जर्मन सेनानीने प्रत्येक रणगाड्यात रेडिओ असावा हा हट्ट धरला, आणि १९४० च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये जाड चिलखताचे फ्रेंच रणगाडे एकमेकांशी धड बोलू शकत नसताना जर्मन रणगाडे दहा वॉटच्या प्रक्षेपकावर अखंड बोलत होते. हेडफोनचे महत्त्व हे एवढे. तो कोणत्या शूराने घातला होता अशा गोष्टी जो विक्रेता रंगवून सांगू लागतो, त्याच्या टेबलापासून मी दोन पावले मागे सरतो. त्या सैन्याने काय केले ते ठाऊक असताना असल्या कथा ऐकवत नाहीत. मला फक्त वर्ष हवे असते.

आणि नेमके तेच मिळत नाही.

आपल्याकडे शाळेत नाव घालताना मास्तरांनी सरसकट १ जून ही जन्मतारीख टाकून दिलेली एक अख्खी पिढी आहे. जर्मन हेडफोनांची गत त्याहून वाईट आहे, कारण येथे एकाच देहाच्या प्रत्येक अवयवाची जन्मतारीख निराळी असते. बॅकेलाइटवर बर्लिनमधल्या डालेम येथील तपासणी संस्थेचे चिन्ह असते, त्यात एक आकडा कारखान्याचा आणि दुसरा मिश्रणाच्या प्रकाराचा. ३१ दिसले की त्यात लाकडाचा भुसा मिसळला आहे हे समजते, वर्ष समजत नाही. गरुडाच्या शिक्क्याशेजारचा आकडा पाहून नवशिके हरखतात, पण तो शस्त्रास्त्र खात्याच्या तपासनिसाचा असतो. मग उरते कारखान्याचे नाव. ते १९४० च्या सुमारास पुसले जाऊन दोन-तीन अक्षरी संकेत आले. दुर्बिणींवरचे ‘बीएलसी’ म्हणजे येना येथील त्साइस आणि ‘बीईएच’ म्हणजे वेत्सलारची लाइट्स, एवढे मला झोपेतही सांगता येते. पण दुर्बीण कानाला लावता येत नाही. बॉम्ब टाकणाऱ्यांना कारखान्यांचा पत्ता लागू नये म्हणून केलेली ही तजवीज मला मात्र अजून चकवते आहे.

शेवटी आतच पाहावे लागते. कर्णयंत्राची टोपी फिरवून काढली की पातळ लोखंडी पडदा, त्याखाली चुंबक आणि केसाएवढ्या तारेची गुंडाळी दिसते. दैव उघडले तर कडेला बारीक ‘४२’ उमटलेले असते. पण त्याआधी नजर स्क्रूच्या खाचांवर जाते. खाचा चेपून गोल झालेल्या असल्या की समजावे, येथे आपल्याआधी बरेच हात येऊन गेले आहेत. रबराचेही तसेच. खरे जुने रबर दगडासारखे कडक होते, त्यावर भेगा पडतात आणि त्याला गोदामातल्या टायरचा वास येतो. नकली वाटी मऊ, गुळगुळीत आणि संशय यावा इतकी आज्ञाधारक असते. अतिनील दिव्याखाली आधुनिक धागा चमकतो म्हणून मी एका कापडी पट्टीवर दिवा धरला, तर ती पट्टी झळाळून उठली. विक्रेता म्हणाला, “आमच्या हिने धुवायला टाकली होती.” आजच्या साबणाने धुतलेला अस्सल धागाही चमकतो, त्यामुळे वाद तेथेच संपला. घरी हा प्रयोग अंधारात चालू असताना बायको म्हणाली, “अहो, दुधाच्या पिशवीवरची तारीख कधी एवढी निरखून पाहिली आहे का तुम्ही?”

हा दोष तरी कोणाला द्यावा? सैन्याच्याच दुरुस्तीखात्यात एकाचा कान दुसऱ्याच्या पट्टीला जोडला जाई, आणि युद्ध संपल्यावर हा माल भंगारात गेलाच असे नाही. नॉर्वेने पॅन्झर तीन वापरले. चेकोस्लोव्हाकियातून सीरियाला गेलेले पॅन्झर चार तर १९६७ च्या युद्धात गोलान टेकड्यांवर लढले. म्हणजे पट्टी हिटलरच्या काळातली, वायर दमास्कसची आणि रबर गेल्या पावसाळ्यातले, असा नमुना समोर आला तर त्याला नकली तरी कसे म्हणावे?

परवा बाजारात ‘१९४२, माळ्यावर सापडलेला’ अशी चिठ्ठी लावलेला एक हेडफोन दिसला. मी विक्रेत्याला भिंगातून सगळे दाखवले: पट्टीवर ४१, डाव्या कानात ४३, उजव्या कानात काहीच नाही, आणि वायर निःसंशय युद्धानंतरची. भाव निम्म्यावर येईल या हिशेबाने मी अगदी सविस्तर बोललो. त्याने ते मन लावून ऐकले, माझे आभार मानले, खिशातून पेन काढून चिठ्ठीवरचे १९४२ खोडले, तेथे ‘१९४१ ते १९४३, शिवाय युद्धोत्तर’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले आणि किंमत वीस युरोंनी वाढवली.