आमचं गाव पाण्याखाली आहे

मुंबईच्या पाण्यासाठी वाडा तालुक्यात गारगाई धरण व्हायचंय. त्यात सहा गावं जाणार, बहुतेक वस्ती आदिवासींची. त्यावर आमच्या घरच्या ग्रुपवर मुलुंडच्या मामेभावाने लिहिलं, "सव्वा कोटी लोकांसाठी सहा गावांना थोडा त्याग करावाच लागेल. आपल्या आजोबांनी नाही का केला कोयनेसाठी?" खाली सात-आठ अंगठे.

माझं डोकंच फिरलं. त्याग माणूस आपणहून करतो. दुसऱ्याचा देतात तो बळी. मराठीत पहिला येणाऱ्या दादाला हे मी सांगायचं? आजोबा कोयनाकाठचे. गाव बुडालं तेव्हा त्यांना कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात आणून टाकलं. 'त्याग' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. ते म्हणायचे, "आम्हाला उठवलं." जेवताना पानावरून उठवतात, तसं.

मी बॉस्टनजवळ राहतो. आमच्या नळाला क्वाबिनचं पाणी येतं. त्या जलाशयासाठी डॅना, एनफील्ड, ग्रिनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावं कागदावरूनही पुसून टाकली. २७ एप्रिल १९३८ च्या रात्री एनफील्डच्या टाउन हॉलमध्ये निरोपाचा नाच झाला आणि बाराच्या ठोक्याला गावं संपली. अडीच हजार माणसं उठली. साडेसात हजारांवर कबरी उकरून दुसरीकडे नेल्या. हे सगळं मी ग्रुपवर ठोकून दिलं. म्हटलं, इथे मेलेल्यांचंसुद्धा पुनर्वसन होतं. आपल्याकडे कोयना धरणाला साठ वर्षं झाली, तरी जिवंत धरणग्रस्त जमिनीसाठी मोर्चे काढताहेत.

लिहिताना काही गोष्टी सोयीने गाळल्या. त्या खोऱ्यात आधी निपमक हे तिथले मूळनिवासी लोक राहायचे, त्यांच्यासाठी कुणी निरोपाचा नाच ठेवला नव्हता. आणि तो दगडही गाळला. मागच्या ऑक्टोबरात लेकीला घेऊन क्वाबिनच्या गेट चाळीसमधून डॅना कॉमनला, म्हणजे डॅना गावाच्या जुन्या चौकात, चालत गेलो होतो. ती जागा बुडालेली नाही. तलावाचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून रिकामी केलेली. तळघरांचे दगडी खड्डे तेवढे उरलेत, पानांनी भरलेले. मधोमध एक दगड आहे, घरदार आणि जगण्याची रीत 'सॅक्रिफाइस' करणाऱ्यांच्या नावाने. इंग्रजीत त्यागाला आणि बळीला एकच शब्द, त्यामुळे त्यांचं बरं भागतं. लेकीने विचारलं, "त्यांना जायचं होतं का?" मी म्हटलं, चल, अंधार पडेल.

दादाचं उत्तर रात्री आलं. "कोयनेच्या विजेवर अभ्यास करून तिकडे गेलास. आता त्या चार गावांचं पाणी पितोस. बोल."

काय बोलणार? त्याचं गणित मला आजही पटत नाही. पण इथल्या गणपतीत कुणी 'गाव कुठलं?' विचारलं, की मी थोडं थांबून सांगतो, "आमचं गाव पाण्याखाली आहे." समोरचा गप्प होतो. ते मला आवडतं, खोटं कशाला बोलू. मला कुणी उठवलं नव्हतं. मी व्हिसाच्या रांगेत पहाटे पाचपासून उभा राहून आलो.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा दिसतो, असं आजी सांगायची. मी तो पाहिलेला नाही. दादाने पाहिलाय. आणि पर्यायी जमिनीची ती जुनी फाईल घेऊन मामांबरोबर कचेरीत आजही तोच जातो, रजा टाकून.