दोष द्यायचा तर आधी निकाल बघून घ्यावा

माणसाला नावं ठेवायची घाई करू नका. नवशिके इथंच फसतात. शेजाऱ्यानं काही करायला घेतलं की "हे काय खरं नाही" म्हणून मोकळे होतात आणि पुढं त्याचं भलं झालं की तोंड लपवत फिरतात. आधी निकाल लागू द्यावा. मग सावकाश म्हणावं, "मी तवाच म्हणलो हुतो." तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात ते कुणाच्या लक्षात नसतं. तुमच्याही नसतं.

सरावाला आपला सांगली जिल्हा फार सोयीचा, कारण इथं द्राक्षं आहेत. तासगावच्या बाजूला दोन भावांच्या बागा आहेत, मध्ये एकच बांध. धाकट्यानं पानदेठ तपासून आणलं, चर्चासत्रात पहिल्या रांगेत बसून वही भरली आणि परतीचा पाऊस टळावा म्हणून ऑक्टोबरच्या मध्याला फळछाटणी घेतली. थोरल्याचा अभ्यास एवढाच, की टोळीच्या मुकादमाला पुढच्या गावाला जायची घाई होती. म्हणून सप्टेंबर संपायच्या आत त्यानं छाटून घेतली.

नोव्हेंबरच्या शेवटी दोन रात्री पाऊस झाला. थोरल्याची बाग मणी धरून मोकळी झालेली, धाकट्याची ऐन फुलोऱ्यात. धाकटा डोक्याला बॅटरी बांधून औषध मारत होता, पहाटे नुसता ब्लोअर फिरवून घडातलं पाणी झाडत होता. थोरला झोपला होता. चार दिवसांत धाकट्याचे घड कुजले.

आता तुमची पाळी. थोरल्याला 'अभ्यासू शेतकरी' म्हणा, त्याच्या बांधावर फोटो काढा, पुढच्या सालची छाटणीची तारीख त्यालाच विचारा. धाकट्याबद्दल टपरीवर फक्त एक वाक्य टाका: "वहीत बघून शेती हुती व्हय?" बाकीचं टपरी बघून घेते.

परदेशातही यावर काम झालंय. 1988 साली जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या दोघांनी लोकांना डॉक्टरच्या निर्णयाच्या गोष्टी वाचायला दिल्या. माहिती तीच, निर्णय तोच. फरक एवढाच, की एकात रोगी वाचला आणि एकात गेला. रोगी गेला तिथं लोकांना डॉक्टरचा निर्णयच हलका वाटला. त्या दोघांनी याला विचारातली खोट मानलं. आमच्या टपरीवर याला अनुभव म्हणतात.

बागेवर हात बसला की पुराकडं वळा. 2005 चं पाणी कुठवर आलं होतं, ते सांगलीच्या नदीकाठच्या गावभागात शेंबडं पोरही भिंतीवर बोट ठेवून दाखवायचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा वाढायला लागली तेव्हा माणसांनी त्याच हिशेबानं गाद्या, टीव्ही, धान्य माळ्यावर चढवलं आणि घरात थांबली. आयर्विन पुलाजवळ 45 फूट म्हणजे धोक्याची पातळी. पाणी 57 फुटांवर गेलं. तेच 2005 च्या खुणेशी थांबलं असतं तर ही माणसं अनुभवी ठरली असती आणि आधीच गाठोडं बांधून पाहुण्यांकडं गेलेली भित्री. पण ते थांबलं नाही. तेव्हा तुम्ही कोरड्या रस्त्यावर उभं राहून, हातात मदतीचा बिस्किटपुडा धरून खुशाल म्हणा, "नदीकाठी घर बांधल्यावर दुसरं काय व्हणार?"

घर मात्र आपलं उंचावर हवं. आमचं आहे, विश्रामबागेकडं. खरं तर वडिलांना गावभागातच जागा घ्यायची होती, पैसे पुरले नाहीत. आई वर्षभर तोंड वाकडं करून होती, बाजार लांब पडतो म्हणून. 2019 पासून आम्ही घरात याला दूरदृष्टी म्हणतो.

पाण्याचाच आणखी एक उपयोग. ज्याच्या शिवारात म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी पोचलं तो कष्टाळू; जतच्या पूर्वेला जिथं पोचलं नाही, तिथला माणूस आळशी. नकाशा बघू नका, गोंधळ होतो.

आणि हो, मिरज रोडवर गाडी चालवताना फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला असेल, मान वाकडी असेल आणि समोर पोरगं आडवं आलं नाही, तर ते तुमच्या हाताचं कसब. त्याच रस्त्यावर तसाच फोन धरलेल्या दुसऱ्याच्या समोर आलं, तर असल्यांना लायसन देतं कोण, असा आवाज चढवा. मी चढवला होता. तेव्हाही माझी मान वाकडीच होती.

त्या दोन भावांचं राहिलंच. पुढच्या साली थोरल्यानं पुन्हा सप्टेंबरातच छाटली, या खेपेला अगदी ठरवून. परतीचा पाऊस मुक्कामाला आला आणि कोवळी बाग डाऊनीच्या बुरशीनं गेली. धाकट्याची वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला टपरीवर आला तेव्हा सगळे गप्प झाले. एकानं सरकून जागा केली, एकानं कट चहा सांगितला. "तुमची काय चूक नाही दादा, निसर्गापुढं कुणाचं चालतंय?" थोरल्यानं बशीतला चहा संपवला, गाडीला किक मारली. गाडी ओढ्याच्या वळणावर पोचायच्या आत बाकावरून आवाज आला, "एवढ्या लवकर छाटायची असती व्हय? आमी तवाच म्हणलो हुतो."