खुन्या कुठे राहतो?

सोलापूरची मावशी चार दिवस राहायला आलेली. तिला पुण्यातली जुनी देवळं बघायची होती, म्हणून मी म्हटलं मावशी तू फक्त चाल, रस्ता माझा मोबाईल दाखवेल. हे वाक्य तिने पुढे दिवसभर माझ्याच आवाजात मला ऐकवलं.

मेट्रोने मंडईला उतरलो. स्टेशन जमिनीखाली, म्हणजे तिथे फोनला आपण कुठे आहोत याचा पत्ताच नसतो, आणि वर आलो तरी निळा ठिपका बराच वेळ मागच्याच स्टेशनात बसून होता. मग मॅप म्हणाला कंपास कॅलिब्रेट करा, हवेत इंग्रजी आठ काढा. मी भर चौकात फोन धरून आठ काढायला लागलो तर मावशी म्हणते, "कोणाला ओवाळतोयस रे?" समोर १८८६ सालची मंडईची इमारत, ती अष्टकोनी, कुठूनही बघा सारखीच दिसते, त्यामुळे आपलं तोंड नक्की कुठे आहे ते तिच्याकडे बघूनही कळेना. त्यात मॅपातली बाई बोलली, "हेड साउथवेस्ट." आता मंडईच्या गर्दीत, एका बाजूने कोथिंबिरीची पाटी नि दुसऱ्या बाजूने हातगाडी अंगावर येत असताना नैऋत्य कुठली हे कोणाला सांगता येईल? मला तर घरात वास्तुशास्त्रवाला आला तेव्हाही सांगता आली नव्हती.

त्याआधी देवळाचं नाव टाकायचा एक प्रकार झालाच. टाईप करायला गेलो की फोन परस्पर दुसरंच काहीतरी करत होता म्हणून माईकचं बटण दाबलं आणि स्पष्ट म्हणालो, खुन्या मुरलीधर. ऐकू नाही आलं म्हणे. परत, जरा मोठ्याने. तिसऱ्यांदा मी बोंबललोच, "खुन्या! खुन्या मुरलीधर!" लिंबं विकणारे काका थांबले, एका बाईंनी पोराचा हात घट्ट धरला. मावशीला नाव आधीच पटलं नव्हतं. मग तिला सांगितलं, की पेशवाईत या देवळापायी मारामारी होऊन माणसं मेली म्हणतात, त्यावरून हे नाव, आणि पुण्यात हे असंच चालतं, जिलब्या मारुती आहे, पत्र्या मारुती आहे, उपाशी विठोबासुद्धा आहे. "उपाशी का ठेवलाय त्याला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मॅपकडे तर नव्हतंच.

मॅप म्हणाला बारा मिनिटं. पंचवीस मिनिटं चालल्यावर आम्ही परत मंडईपाशी, तेच लिंबूवाले काका, आणि आता त्यांनी मला ओळखलं. मग लक्षात आलं की वर बाईकचं चित्र निवडलेलं राहिलंय, म्हणजे शिवाजी रोड वन-वे आहे म्हणून आम्ही दोघं पायी, हातात पिशव्या घेऊन, इमानेइतबारे वळसा घालत होतो. एका ठिकाणी तर मी नो एन्ट्रीचा बोर्ड बघून थांबलो पण होतो. मावशीला हे सांगितलं नाही, गुडघ्यांचा प्रश्न आहे.

माणसाचं चित्र निवडून बाजीराव रोड ओलांडला, सदाशिव पेठेत शिरलो, आणि ठिपका बिथरलाच. बोळ अरुंद असले की वीस हजार किलोमीटर वरून येणारा सिग्नल भिंतींवर आपटत आपटत येतो म्हणतात, त्यामुळे मी बोळात उभा आणि ठिपका कोणाच्या तरी स्वयंपाकघरात. तोवर मावशी एका आजोबांशी बोलून मोकळी. "नागनाथ पारापाशी जा म्हणाले, तिथे कोणालाही विचार." मी म्हटलं मावशी लोक काहीही सांगतात, मॅप शॉर्टकट दाखवतोय, चल.

शॉर्टकटने गेलो. एका जुन्या घराच्या मागच्या दारापाशी बाई म्हणाली, "यू हॅव अराइव्हड." दारावर खडूने लिहिलेलं:

"मुरलीधर इथे राहत नाहीत. बेल वाजवू नये. फोन बंद करून पुढच्या गल्लीत विचारावे."

मावशीने ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्याने. मग माझ्या हातून फोन घेतला, पर्समध्ये टाकला, चेन लावली आणि चालायला लागली. दर्शन झाल्यावर देवळाच्या पायरीवर बसून तिने स्वतःच्या बटणवाल्या फोनवरून आईला फोन लावला. "पोचलो गं. हो, तोच घेऊन आला. नाही नाही, मंडई फार छान दाखवली त्याने, दोनदा."