पाटावर स्लॅब नको, काठाने चालायला वाट हवी

गेल्या काही महिन्यांपासून आमच्या कॉलनीत एकच चर्चा आहे. मागून जाणारा, शेतांना पाणी नेणारा जुना पाट बुजवून टाकायचा, की त्यावर स्लॅब टाकून रस्ता करायचा? बैठका झाल्या, निवेदनावर सह्या झाल्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद झाले. तिसरा काही मार्ग असू शकतो हे मात्र कुणी बोलत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. पोस्ट लांब आहे, पण धुळेकरांनी, विशेषतः साक्री रोडच्या अंगाने वाढलेल्या वसाहतींत राहणाऱ्यांनी, पूर्ण वाचावी अशी विनंती.

माझं म्हणणं असं. पाट उघडाच राहू द्या. त्यात येणारं सांडपाणी तोडा, गाळ काढा आणि त्याच्या काठाने चालायची साधी मुरमाची वाट करा. कॉलन्यांच्या मागून निघून शेतांतून थेट नदीवरच्या बंधाऱ्यापर्यंत जाणारी. आपल्या शहराला याहून चांगली फिरायची जागा कुठलाही आर्किटेक्ट देऊ शकणार नाही, कारण ही जागा कित्येक पिढ्यांपूर्वीच फार हुशारीने आखून झालेली आहे.

ती हुशारी काय, ते सांगते. पांझरा पिंपळनेरकडच्या डोंगरातून निघते, साक्री आणि धुळे तालुक्यांतून वाहत मुडावदला तापीला मिळते. या नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्याने पाणी थोडं उचलायचं आणि काठावरून पाट काढायचा. पाट नदीपेक्षा कमी उताराने चालतो. नदी खाली खाली जाते, पाट मात्र जमिनीची उंची धरून राहतो, त्यामुळे पुढे गेलं की तो नदीपेक्षा बराच वर असतो. मग पाट आणि नदी यांच्या मधली सगळी जमीन पंपाशिवाय, विजेशिवाय भिजते. शेतातून निथळलेलं पाणी परत नदीत येतं आणि खालचा बंधारा ते पुन्हा उचलतो. हीच आपली फड पद्धत. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ती तीनशे-चारशे वर्षांपासून चालत आली आहे असं अभ्यासक मानतात, आणि पाणीवाटपावर लिहिणारे देशभरातले लोक तिचं नाव घेतात. धुळ्यातल्या किती मुलांना ती माहीत आहे?

पाट चांगला आखलेला असला की त्याच्या काठाने चालताना चढ लागत नाही, उतार लागत नाही. गुडघेदुखीचा माणूस, बाळाला घेऊन निघालेली आई, सकाळी लगबगीने चालणारे सेवानिवृत्त काका, सगळ्यांना जमेल अशी ती जवळजवळ सपाट वाट असते. पाण्याला जे सोयीचं तेच आपल्या पायांना सोयीचं. आज आम्ही बायका पहाटे हायवेच्या कडेने फिरायला जातो. ट्रक अंगाला वारा घालून जातात. मागे, घरांच्या पाठीशी, झाडांच्या सावलीची वाट झुडपांत बुजून पडली आहे आणि आम्ही डिझेलचा धूर खात फिरतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आमच्या सासऱ्यांची, आबांची, नेरकडे फडात जमीन होती. एका ठिकाणी नव्हे, प्रत्येक फडात एकेक पट्टी. लग्न होऊन आले तेव्हा मला हे विचित्र वाटायचं, सलग तुकडा का नाही? त्यामागचा विचार आबांनीच समजावला. बंधाऱ्याखालच्या सगळ्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात ज्वारी-बाजरी, आणि पुढच्या वर्षी फेर बदलायचा. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा. तुमची जमीन सगळ्या फडांत विभागलेली असेल तर तोटाही सगळ्यांचा सारखा आणि लाभही सारखा. पाटाच्या तोंडाशी जमीन आहे म्हणून एकाने मजा करायची आणि शेपटाकडच्याने कोरडं राहायचं, असं होत नाही.

आणि या सगळ्याला माणसं नेमलेली असत. पाटकरी पाणी सोडायचा आणि बंद करायचा. शेतकऱ्याने स्वतः पाटाचं दार उघडायचं नाही, पाटकऱ्याने द्यायचं. जागल्या अख्ख्या फडाची राखण करायचा. त्यांच्यावर हवालदार. यांना मोबदला बहुतेक धान्याच्या, मालाच्या रूपात मिळायचा. हंगामाआधी गाळ काढायला घरटी माणूस यायचा. "पाटले पानी उनं का?" (पाटाला पाणी आलं का?) हा प्रश्न आबा शहरात आमच्याकडे राहायला आल्यावरही सकाळी उठल्याउठल्या विचारायचे, इतका तो अंगात भिनलेला.

पाटकरी काय करायचा? चालायचा! रोज, बंधाऱ्यापासून शेपटापर्यंत. कुठे उंदराने, खेकड्याने भोक पाडलं, कुठे भराव खचला, कुठे झाड आडवं पडलं, कुठे कुणी चोरून फोडलं, हे चालणाऱ्यालाच दिसतं. पाट टिकले ते दगडामुळे आणि चुन्यामुळे टिकले, तसेच रोज काठावर पडणाऱ्या पावलांमुळेही टिकले. फड मोडले, विहिरींवर मोटारी बसल्या, वर धरणं झाली, जमिनी एन.ए. (बिगरशेती) होऊन प्लॉट पडले, पाटकरी गेला. आणि ज्या दिवसापासून पाटावरून कुणी चालेनासं झालं, त्या दिवसापासून आपण त्यात कचरा टाकायला लागलो. आमच्या मागचा पाट काही आपोआप गटार झालेला नाही. घरांची तोंडं रस्त्याकडे आणि पाठी पाटाकडे, अशी रचना आपण केली. पाठीमागे कोण बघतं?

म्हणून माझ्या दृष्टीने ही वाट म्हणजे नुसती मॉर्निंग वॉकची सोय नव्हे. शेकडो लोक रोज काठावरून गेले तर तेच नवे पाटकरी.

आता धुळ्याच्या इतिहासातली एक गोष्ट, जी आपण अभिमानाने सांगायला हवी आणि सांगत नाही. 1884 साली पुण्याहून अभियांत्रिकी शिकून नुकतेच सरकारी नोकरीत लागलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या खानदेशात आले. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांतलं एक काम आपल्या पांझरेवरचं, साक्री तालुक्यातल्या दातर्तीचं: पाटाचं पाणी नळातून नदीपात्र ओलांडून पलीकडे न्यायचं. याला सायफन म्हणतात. एका काठावर पाणी नळात शिरतं, पात्राच्या तळाशी जातं आणि दुसऱ्या काठावर थोड्या खालच्या पातळीला आपसूक वर येतं. पावसाळ्याचे दिवस, वाळू आणि पुराने काम अडायचं, तरी ते पुरं झालं. पुढे ज्यांनी कृष्णराजसागर उभारलं, ज्यांना 1955 मध्ये भारतरत्न मिळालं, ज्यांच्या जन्मदिवशी 15 सप्टेंबरला देशभर अभियंता दिन साजरा होतो, त्यांचे हात सुरुवातीला आपल्या पांझरेच्या वाळूत चालले. आपल्याकडे त्या दिवशी हार घालून भाषणं होतात. त्याऐवजी इंजिनीअरिंगच्या पोरांना पाटाकाठाने चालवत न्या. पाणी वर कसं चढतं ते डोळ्यांनी बघू द्या.

बऱ्हाणपूरचंही सांगायलाच हवं. आज मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या खानदेशची ती राजधानी. तिथे 1615 च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळात, सातपुड्यातून तापीकडे झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरून शहरात आणलं. वर एका रांगेत शंभराहून जास्त कुंड्या, विहिरीच्या तोंडासारख्या. कुंडी भंडारा म्हणतात त्याला. लोक लिफ्टने खाली उतरून तो बघतात.

आणि त्याच्या दोनच वर्षं आधी, 1613 मध्ये, लंडनला पाणी आणण्यासाठी एक पाट खोदून पुरा झाला. त्याला न्यू रिव्हर म्हणतात. हर्टफर्डशायरमधल्या झऱ्यांपासून निघून जमिनीची उंची धरत, वळणं घेत तो शहरापर्यंत यायचा. लांबी सुमारे 62 किलोमीटर, आणि एवढ्या अंतरात उतार 6 मीटरसुद्धा नाही. आपल्या पाटाचंच तत्त्व! शहर वाढलं, काही भाग नळात गेला, काही बुजला. पण उरलेला पाट उपनगरांच्या मधून, घरांच्या परसदारांमागून, शाळांच्या कडेने आजही वाहतो आणि लंडनच्या पिण्याच्या पाण्यात भर घालतो. त्याच्या काठाने सुमारे 45 किलोमीटरची पायवाट आखली आहे. पाट जिथे जमिनीखाली गेला तिथे वाट गल्ल्यांतून जाते आणि पाट्या रस्ता दाखवतात. ते आपल्यापेक्षा श्रीमंत आहेत, हे मान्य. पण वाट करायला श्रीमंती लागते कुठे? काठ मोकळा लागतो, आणि काठ आपल्याकडे आहे.

आता स्लॅबवाल्यांचं म्हणणं. डास होतात, वास येतो, लहान मुलं पडतील, पावसाळ्यात पाणी घरात शिरतं. ही सगळी तक्रार खरी आहे. पावसाळ्यात माझ्याही घरात शेजारच्यांसोबत बादल्यांनी पाणी उपसणं झालं आहे. पण वास पाटाचा नाही, आपल्या संडास-बाथरूमच्या पाइपांचा आहे. स्लॅब टाकल्याने ते पाणी कुठे जाणार? अंधारात तिथेच साचणार, आणि गाळ काढायला माणूस आत उतरवावा लागेल. बंद गटारात उतरून माणसं गुदमरून मरतात, हे आपण वर्तमानपत्रात वाचतोच. शिवाय झाकलेला पाट तुंबला की कुठे तुंबला ते कळत नाही. उघडा पाट निदान डोळ्यांनी दिसतो. मुलांच्या सुरक्षिततेसाठी कठडा घालता येईल. त्यासाठी अख्खा पाट गाडायची गरज नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपली जमीन काळ्या पाषाणाची. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. मातीच्या पाटातून झिरपणाऱ्या पाण्यावर आजूबाजूच्या विहिरींना पाझर राहतो. आपण त्या झिरप्याला 'गळती' म्हणतो आणि मग उन्हाळ्यात बोअर कोरडी पडली की टँकर मागवतो. तळापासून काठापर्यंत काँक्रीट ओतलं तर तो पाझर थांबेल. म्हणून वाट करतानाही पेव्हर ब्लॉक, टाइल्स, कारंजी, चमकणाऱ्या कमानी असलं काही नको. मुरूम, जुनी झाडं आणि बसायला चार दगड पुरेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43-44 च्या घरात जातो. तेव्हा उंबर, करंज, कडुनिंब, चिंच यांची सावली हीच खरी सोय, आणि पाटाच्या ओलीवर ही झाडं वाढवायला फार कष्ट पडणार नाहीत.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे. पाटाच्या शेपटाकडे अजून भिजणारी शेतं आहेत, तिथल्या शेतकऱ्यांचा पाण्यावर पहिला हक्क. शहरातले लोक फिरायला आले म्हणून त्यांच्या पाणी घेण्याच्या पाळीत ढवळाढवळ होता कामा नये. दाराला हात लावायचा नाही, बांधावरून पिकात शिरायचं नाही, कुत्री मोकळी सोडायची नाहीत. पाळीच्या दिवशी बैलगाडी, ट्रॅक्टर येईल त्याला वाट द्यायची. शेतकऱ्यांना बैठकीला न बोलावता हे काम सुरू केलं तर मीच विरोधात उभी राहीन.

आणि काठावर ज्यांच्या झोपड्या आहेत त्यांचं काय, असं विचारणाऱ्यांना उत्तर देते. अतिक्रमण म्हटलं की सगळ्यांची बोटं त्यांच्याकडे जातात. मोजणी होऊ द्या, मग कळेल की पक्क्या घरांच्या किती कंपाउंड भिंती पाटाच्या हद्दीत आल्या आहेत. मजुरी करणाऱ्या कुटुंबाला उठवून त्या जागी फिरायची वाट करायची हे मला मान्य नाही. त्यांना आधी राहायची सोय द्या, आणि पाटाची राखण, गाळ काढणं, झाडं जगवणं या कामांवर पगारी माणसं म्हणून त्यांनाच पहिल्यांदा घ्या. पाटकरी ही जागा पुन्हा निर्माण करा. पूर्वी गाव धान्य द्यायचं, आता महापालिकेने पगार द्यावा.

आम्ही हे सगळं घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. त्यांनी दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्यांनी परत पहिल्यांकडे. पाट कुणाच्या ताब्यात यावरच एकमत नाही, आणि त्या घोळात स्लॅबचा प्रस्ताव मात्र पुढे सरकतो आहे. म्हणून पहिली मागणी अगदी साधी ठेवू: पाटाची सरकारी मोजणी करा, दोन्ही काठांच्या हद्दीच्या खुणा रोवा, आणि तोवर एकही स्लॅब टाकू नका.

ज्यांच्या घरी फडातल्या जमिनीचे जुने सातबारे, गावनकाशे, पाटपाण्याच्या पावत्या असतील त्यांनी कृपया फोटो काढून मला इनबॉक्समध्ये पाठवा. खाजगी माहिती झाका, पण पाटाची, चारीची, बांधाची खूण दिसली पाहिजे. ज्यांचे आजोबा, काका पाटकरी किंवा जागल्या होते त्यांनी त्यांना घेऊन या. कुठलं दार कुठे होतं, कुठली मोरी बुजली आहे, हे तीच माणसं सांगू शकतात, आणि ती माणसं आता फार उरलेली नाहीत.

येत्या रविवारी सकाळी सहाला कॉलनीच्या मागच्या मोरीपाशी जमू आणि बंधाऱ्याच्या दिशेने जमेल तेवढं चालू. मध्ये काटेरी बाभळी आहेत, तेव्हा चपला नको, बूट घाला. हातमोजे आणि एक-दोन कोयते असतील तर बरं. पाण्याची बाटली घरून आणा आणि रिकामी झाली की घरीच परत न्या.