'नादीव'चं काय?

बायबलमधल्या मानकऱ्यांवरच्या तुमच्या लेखात 'सार', 'नासी' अशा सगळ्या हिब्रू शब्दांना सरसकट 'सरदार' म्हटलंय, ते काही पटलं नाही. 'सार' म्हणजे अधिकारी. हुद्दा आला, खानदान असेलच असं नाही. आजच्या हिब्रूत मंत्र्याला 'सार' आणि राष्ट्राध्यक्षाला 'नासी' म्हणतात. बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथात (९:६) हाच 'सार' मराठीत 'शांतीचा अधिपती' झालाय, आणि तिथे 'शांतीचा सरदार' वाचून बघा, कसं वाटतं ते!

खरी गंमत 'नादीव'ची, आणि लेखात तो शब्दच नाही. मूळ धातू आपखुशीने देण्याचा. निर्गमाच्या ग्रंथात (अध्याय ३५) निवासमंडपासाठी, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूसाठी, सोनं-चांदी आणणारे लोक मनाने 'नादीव' आहेत. हाच शब्द इतरत्र उमरावांसाठी येतो. म्हणजे ज्याचा हात सैल तो थोर! यशया ३२ मध्ये तर मूर्खाला कुणी नादीव म्हणणार नाही, असं म्हणून दोन्ही अर्थ एकदम वाजवलेत. तिथे 'सरदार' लिहिलं की दानत गेली, 'उदार' लिहिलं की मानमरातब गेला. फ्रेंच धनाढ्य बॅरन एडमंड द रॉथशिल्डला इस्राएलात 'तो प्रसिद्ध नादीव' म्हणत, तेही देणग्यांमुळे.

एस्तेर आणि दानीएल या ग्रंथांतले 'पार्तमीम' (म्हणजे उमराव) तर थेट फारसीतून आलेत. तिथे मात्र आपला 'सरदार' खुशाल चालेल, तोही फारसीच की!