बुचाचा भुगा झाला पुन्हा!!

काल रात्री परत तेच. अर्धं बूच बाटलीत, अर्ध्याचा भुगा टेबलावर, आणि माझ्या हातात तो दोन पंखवाला ओपनर. पाच वर्षं जपलेली वाइनची बाटली होती हो! अंधारात, थंड जागी, आडवी झोपवून, कारण बूच सुकलं की आत हवा जाते. एवढं सगळं पाळलं आणि शेवटी माती केली कुणी, तर ड्रॉवरमधल्या त्या भंगार यंत्राने. स्क्रू बरोबर मधोमध लावला, सावकाश फिरवला, पंख वर आले, खाली दाबले, कर्रकन आवाज आला आणि स्क्रू एकटाच बाहेर! बुचात नुसता बोगदा. पाहुणे रिकामे ग्लास धरून बघतायत आणि मी गुडघ्यांत बाटली आवळून सुरीच्या टोकाने उरलेलं बूच कोरतेय. शेवटी ते आत ढकललं तर फसकन उडून कुर्ता लालभडक.

अरे, बुचात घालायचा स्क्रू आणि लाकडात घालायचा स्क्रू यात फरक असतो की नाही? मधे भरीव दांडा आणि बाजूने धारदार आटे असले की ते बूच धरत नाही, पोखरतं. पोकळ वेटोळं हवं, मधून काडेपेटीची काडी आरपार गेली पाहिजे. चोवीस मिलिमीटर जाडीचं बूच दाबून साडेअठरा मिलिमीटरच्या तोंडात बसवलेलं असतं, ते काय फुंकर मारून निघणार? वेटरच्या खिशात असतो तो घडीचा ओपनर, त्याचं पेटंट कार्ल वीन्केने जर्मनीत १८८२ साली घेतलं. १८८२! तरी अजून हे पंखवाले ड्रिल बनवतात, विकतात, वर भेट म्हणून देतात.

आणि ते बूच येतं कुठून? ओक झाडाच्या सालीतून, बहुतेक पोर्तुगालमधून. साल एकदा काढली की पुन्हा नऊ वर्षं थांबायचं, आणि पहिल्या दोन वेळची साल बाटलीच्या बुचाला चालतच नाही, म्हणजे झाड चाळिशीत आल्यावर कुठे हे बूच मिळतं. त्याचा असा चुरा करायचा? जीव जळतो.

बरं, बूच अख्खं निघालं तरी सुटका नाही. टीसीएचा, म्हणजे बुचातल्या बुरशीमुळे होणाऱ्या रसायनाचा, वास लागला की संपलं, लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतं, अख्खी वाइन ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. म्हणूनच ऑस्ट्रेलियात क्लेअर व्हॅलीच्या रीसलिंग ही पांढरी वाइन बनवणाऱ्यांनी २००० साली एकत्र येऊन फिरकीचं झाकण लावलं ना! पण आपल्याकडच्या शहाण्यांना ते झाकण दिसलं की नाकं मुरडायची असतात, ‘तो फट्ट आवाज नाही येत’ म्हणे. आवाज प्यायचाय का तुम्हाला?

प्लॅस्टिकची बुचं तर वेगळीच, बाटलीतून निघतात पण स्क्रूवरून सुटत नाहीत. बाटलीच्या तोंडावर मेण ओतणाऱ्यांनी एकदा स्वतः ते खरवडून दाखवावं. आणि बाटल्यांचे आकार! फ्रान्समधल्या बोर्दोची सरळ खांद्यांची बाटली रॅकमध्ये नीट बसते, बर्गंडीची पोट सुटलेली शेजारचीला ढकलते, आल्सेसची ती उंच सडपातळ फ्रिजच्या दारात मावतच नाही. वर काही जण मुद्दाम जाड काचेची करतात, रिकामी बाटली किलोभर भरते, आत तेच साडेसातशे मिली.

काल एक पाहुणा म्हणाला, बाटली बुटात घालून भिंतीवर आपट, बूच आपोआप वर येतं. पाच वर्षं तळाशी बसलेला गाळ ढवळून टाकायचा आणि काच फुटली तर हातही चिरायचा! एवढी चिडले की उत्तरच सुचलं नाही.

शेवटी फडक्यातून गाळून दिली सगळ्यांना. वाइन चांगली होती, खरंच फार चांगली होती, म्हणून तर राग जात नाहीये. पंखवाला ओपनर आज सकाळी कचऱ्यात टाकलाय. घरात कुणी उचलून परत ड्रॉवरमध्ये ठेवला तर याद राखा.