जरासं सरकवून द्या

मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला: ‘नाट्यसंगीताचा व्हिडिओ सुंदर. फक्त ताईंचं तोंड आधी हलतं आणि आवाज मागून येतो. जरासं सरकवून द्या.’ खाली अंगठ्यांची रांग. ज्यांनी व्हिडिओ उघडलाही नव्हता, त्यांचेही अंगठे. खजिनदारांनी तेवढे हात जोडले होते. पैसे द्यायचे बाकी असले की ते हात जोडतात.

मुळात ते एडिट कच्चं होतं. पदांचा क्रम तपासायला खजिनदारांना दिलं, ‘कुठे टाकू नका’ असं बजावून दिलं, आणि त्यांनी ते ग्रुपवर टाकलं. लांबचा कॅमेरा माझा, सेकंदाला 25 फ्रेमवर. ताईंचा क्लोजअप खजिनदारांच्या भाच्याच्या मोबाइलवर, कारण ‘दुसऱ्या कॅमेऱ्याचे पैसे कशाला?’ आवाज मिक्सरवरून वेगळ्या रेकॉर्डरवर. तीन यंत्रं, तिघांची तीन घड्याळं.

संध्याकाळी बापूकाका स्वतःच आले. रामबागेतून चालत, हातात लौंग सेवेची पुडी. काका वीज मंडळातून निवृत्त, त्यामुळे जिला वायर आहे अशा प्रत्येक वस्तूवर त्यांचा हक्क असतो. माझ्या पाठीमागे खुर्ची ओढून बसले आणि सेव खात म्हणाले, “हे इंदूर, लताबाईंचं गाव आहे, भिया. 1929 साली इथं जन्मल्या त्या. इथल्या माणसाच्या कानाला कुणी फसवू शकत नाही. चल, लाव.”

पहिलं पद लावलं. ओठ आणि शब्द चोख. काकांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं.

“हे तर बरोबर आहे रे.”

“सुरुवात बरोबरच आहे. आता भैरवी बघा.”

भैरवीत ताईंचं तोंड मिटलं तरी स्वर चालूच.

“हां, हेच! सरकव.”

सरकवलं.

“झालं की! एवढ्यासाठी मला जिने चढायला लावलेस?”

“आता पुन्हा पहिलं पद बघा.”

पहिल्या पदात आता आवाज पुढे. ताईंनी तोंड उघडायच्या आत आलाप सुरू.

“अरे, हे तू बिघडवलंस!”

“तुम्हीच सरकव म्हणालात.”

“भैरवी सरकव म्हटलं. पहिलं पद कुणी सांगितलं?”

“आवाजाची पट्टी एकच आहे काका. सगळीच सरकते.”

काकांनी विचार केला. सेव संपेपर्यंत केला. “मग असं कर, अर्ध्यावर ठेव. थोडं इकडे, थोडं तिकडे. कुणाच्या बापाला कळणार नाही.”

अर्ध्यावर ठेवलं. आता सुरुवातही चुकली, शेवटही चुकला. फक्त मध्यंतरात ‘चहा बाहेर ठेवलेला आहे’ ही सूचना ओठांशी तंतोतंत जुळली. काका खूश. ती सूचना त्यांनीच दिली होती.

मंडळाला कोण सांगणार, पण यात आजार दोन असतात. आवाज पहिल्या सेकंदापासून शेवटापर्यंत सारखाच मागे असेल तर सरकवून भागतं. सुरुवातीची टाळी शोधायची, आवाजाच्या लाटेचं टोक तळवे मिटलेल्या फ्रेमवर आणायचं, संपलं. प्रीमियर, रिझॉल्व्ह ही एडिटिंगची सॉफ्टवेअरं लाटा जुळवून हे आपोआपही करतात. पण सुरुवातीला जुळलेलं पुढे फाकत जात असेल तर आधी मोजावं लागतं: आरंभाला एक टाळी, अखेरीस एक, आणि दोन्हीकडचा फरक. तासाला 3.6 सेकंद आला तर 29.97 आणि 30 फ्रेमची गल्लत. तासाला 5 मिनिटं 18 सेकंद आला आणि वर सूरही उतरला, तर 48 किलोहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने घेतलेलं रेकॉर्डिंग 44.1 समजून वाजतंय. काळी चारमध्ये गाणाऱ्या ताई काळी तीनच्या जरा वर, पेटीत नसलेल्या सुरात गायला लागतात. तासाला चार-पाच फ्रेमच असतील तर दोष कुणाचाच नाही. कॅमेऱ्यातल्या आणि रेकॉर्डरमधल्या घड्याळाचा स्फटिक अगदी सारखा धडधडत नाही; दहा लाखांत 50 भागांचा फरक असला तरी तासाला 0.18 सेकंद होतात.

आणि फरक एकसारखा न वाढता मध्येच उड्या मारत असेल तर तो भाच्याचा मोबाइल. मोबाइल 30 फ्रेम सांगतो, पण मंडपात उजेड कमी पडला किंवा फोन तापला की मनाला येईल तेवढ्याच घेतो. त्याच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये सगळं ठीक दिसतं, म्हणून भाचा छातीठोकपणे म्हणतो, “माझ्याकडे तर बरोबर चालतोय.” एडिटिंगच्या टाइमलाइनवर तो ठरल्या वेगानं मोजला गेला की चित्र पुढे पळतं. फाइल मीडियाइन्फो या तिची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची; ‘फ्रेम रेट मोड’समोर ‘व्हेरिएबल’ (बदलता) दिसलं की हँडब्रेक या फाइल बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालायची, फ्रेम रेट 30, त्याखाली ‘कॉन्स्टंट’, क्वालिटी 18 च्या आसपास, आवाज 48 किलोहर्ट्झ, आणि बाहेर पडलेली नवी फाइलच टाइमलाइनवर घ्यायची. आधी जुनी लावून मग नवी बदलली तर सगळे कट पुन्हा तपासावे लागतात. एवढं करून रेकॉर्डरचे जे चार-पाच फ्रेम उरतात, त्यांच्यासाठी आवाज ताणत बसू नये. प्रत्येक पदानंतरच्या टाळ्यांत पट्टी कापायची आणि तुकडा फ्रेम-दोन फ्रेम हलवायचा. टाळ्यांत कापलेलं कुणाला ऐकू येत नाही.

हे सगळं मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, “म्हणजे सरकवायचंच ना?”

मग त्यांनी खिशातून सुनेनं दिलेले ब्लूटूथ इअरबड काढले. “मला यातच नीट ऐकू येतं.” माझ्या कॉम्प्युटरला जोडले आणि विजयी मुद्रेनं म्हणाले, “बघ, आता चहाची सूचनासुद्धा मागे!” ब्लूटूथचा आवाजच कानात 100-200 मिलिसेकंद उशिरा पोचतो. मोबाइलचे प्लेअर तेवढं चित्र थांबवून घेतात, एडिटिंगचं सॉफ्टवेअर बहुधा नाही. जुळवणी करायची ती वायरच्या हेडफोनवर. वायर म्हटल्यावर तरी माणूस ऐकेल असं वाटलं होतं.

खरं तर हा माणूस कायम पहिल्या रांगेत बसतो, तीच अडचण आहे. आवाज सेकंदाला 343 मीटर जातो. मंचापासून 34 मीटरवर बसलेल्याला तो 100 मिलिसेकंद, म्हणजे अडीच फ्रेम उशिरानंच मिळतो, आणि मागच्या रांगेतून कधी कुणी ‘सरकवा’ म्हणून ओरडलेलं नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.1359 या शिफारशीतही आवाज 45 मिलिसेकंद पुढे गेला तरी जाणवतो, मागे मात्र 125 पर्यंत खपतो. म्हणून शंका असेल तेव्हा आवाज एक फ्रेम मागे ठेवावा. बाकी सगळी दुनिया उलटं करते.

शेवटी काकांनी आपला जुना, एकाच स्पीकरचा फोन काढला आणि त्यावर कच्चा व्हिडिओ लावला. टाळ्या खणखणीत, तबला-पेटी अंधुक, ताई जवळजवळ गायब.

“बाईंचा आवाजच काढून टाकलास तू!”

हा मात्र मिक्सरवाल्याचा प्रसाद. बॅलन्स्ड आउटपुटची, म्हणजे एकच आवाज सुलट आणि उलट अशा दोन तारांनी नेणारी वायर त्यानं रेकॉर्डरच्या स्टिरिओ पिनमध्ये खुपसली. त्यामुळे डावीकडे जो आवाज जातो तोच उजवीकडे उलटा जातो. हेडफोनवर तो जरा विचित्र, पसरट वाटतो. एकाच स्पीकरच्या फोनवर दोन्ही मिसळतात आणि वजाबाकी शून्य. उरतो तो कॅमेऱ्याच्या माइकनं हॉलमधून उचललेला. उपाय सोपा: एक चॅनल फेकायचा आणि दुसराच दोन्हीकडे द्यायचा. पण मूळ आवाजच मिक्सरकडून लाइन लेव्हलनं, म्हणजे माइकपेक्षा कितीतरी जोरात येऊन माइकच्या भोकात फाटला असेल, तर कुणाच्या बापाला दुरुस्त होत नाही. कार्यक्रमाच्या दिवशी हे विचारायला गेलो होतो. “आउट तो दे दिया ना भिया, अब तुम जानो,” म्हणून तो पोहे खायला निघून गेला. त्याला मंडळानं शाल आणि नारळ दिला. चांगल्या आवाजासाठी.

पक्कं एडिट पोचवलं आणि बिलात एक ओळ घातली: आवाज जुळवणी. खजिनदारांचा फोन आला. ती ओळ तेवढी काढता येईल का, कारण आवाजाचे पैसे तर मिक्सरवाल्याला कधीच दिलेत.